विसाव्या क्रमांकावर थांबलेलं गाणं

पेट शॉप बॉईज या ब्रिटिश पॉप जोडीची चार गाणी ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पण त्यांच्या जुन्या चाहत्यांना एकच गाणं निवडायला सांगा, त्यातले बरेच जण या चौघांना बाजूला ठेवून पाचव्याचंच नाव घेतील. ते गाणं म्हणजे 'बीइंग बोअरिंग'. नोव्हेंबर १९९० मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुटं विकायला, आलं, विसाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तिथूनच माघारी फिरलं. १९८६च्या उत्तरार्धापासून या दोघांचं प्रत्येक सिंगल पहिल्या दहात जात होतं. ती मालिका या गाण्याने मोडली.

पॉप संगीतात मैत्रीवर, आणि मित्राच्या जाण्यावर, याहून चांगलं गाणं मी ऐकलेलं नाही. हे मी उत्साहाच्या भरात लिहीत नाहीये. इतकी वर्षं ऐकून, मध्ये कितीतरी महिने न ऐकता राहून, पुन्हा ऐकून मग लिहितेय. या गाण्यात दुःख ज्या जागी ठेवलंय ती जागा दुसऱ्या कुणाला सापडल्याचं मला दिसलं नाही.

आधी या दोघांबद्दल. नील टेनन्टचा जन्म १९५४चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॉर्थ शील्ड्सचा. वाढला शेजारच्या न्यूकॅसलमध्ये. १९७२ मध्ये इतिहास शिकायला लंडनला आला आणि पुढे 'स्मॅश हिट्स' या पॉप पाक्षिकात लिहू लागला. ख्रिस लो त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, ब्लॅकपूलचा, आर्किटेक्चरचा विद्यार्थी. ऑगस्ट १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोघं भेटले, बोलता बोलता दोघांनाही नाचाचं संगीत आवडतं असं निघालं, आणि जोडी जमली ती आजतागायत. टेनन्ट गातो आणि शब्द लिहितो. लो कीबोर्डमागे टोपी घालून जवळपास न हलता उभा असतो. त्याचं ते उभं राहणं आता इतकं ओळखीचं झालंय की तो हलला तर प्रेक्षकांनाच चुकल्यासारखं वाटेल.

जोडी हा प्रकार त्या काळाचाच. सिंथ, म्हणजे विजेवर सूर काढणारे कीबोर्ड, स्वस्त झाले, ड्रम मशीन आलं, सुरांची मालिका आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर आला, आणि चार-पाच जणांचा बँड जमवण्याची गरजच उरली नाही. एकाने गायचं, दुसऱ्याने यंत्रं सांभाळायची. सॉफ्ट सेल, याझू, युरिद्मिक्स, इरेजर या सगळ्या दोघादोघांच्या जोड्या. या जोड्यांच्या गाण्यांत मला नेहमी एक बंद खोली ऐकू येते. दोन माणसं, मध्ये वायरींचं जंजाळ, हे ठेवायचं की काढायचं याची न संपणारी चर्चा. बँडमध्ये एखाद्याचं कुणाशी पटलं नाही तरी तिसरा, चौथा असतो. दोघांच्या खोलीत तशी सोय नाही. एकमेकांचं ऐकावंच लागतं. मैत्रीवरचं गाणं अशा खोलीतून यावं हे मला अगदी बरोबर वाटतं.

गाण्याची तीन कडवी आहेत आणि तिन्ही तीन वेगळ्या काळांत उभी आहेत.

पहिल्यात गाणाऱ्याला जुने फोटो आणि किशोरवयातल्या पार्ट्यांची आमंत्रणं सापडतात. एका आमंत्रणावर लिहिलेलं असतं की पांढरे कपडे घालून या. सोबत एक अवतरण असतं, १९२०च्या दशकातल्या एका प्रसिद्ध लेखकाच्या बायकोचं. ही बायको म्हणजे झेल्डा फिट्झगेराल्ड. १९२२ मध्ये तिने एका अमेरिकन मासिकात 'फ्लॅपर' मुलींवर, म्हणजे केस कापून, झगे आखूड करून, घरच्यांचं न ऐकता नाचायला जाणाऱ्या त्या पिढीवर लेख लिहिला होता. अशी मुलगी कंटाळायला नकार देते, याचं मुख्य कारण ती स्वतः कंटाळवाणी नसते, असं काहीसं तिचं म्हणणं. आमंत्रणाची गोष्ट खरी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूकॅसलमधल्या टेनन्टच्या मित्रमंडळींच्या एका पार्टीचं ते आमंत्रण होतं.

जहाजबांधणी आणि कोळशाच्या खाणींचा तो मुलूख. त्यात कॅथलिक शाळेत शिकलेली काही पोरं पांढरे कपडे घालून एका खोलीत जमतात आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बाईचं वाक्य आमंत्रणावर लिहितात. असं काही करणाऱ्या पोरांना आपल्याकडे 'आगाऊ' म्हणतात, तिकडेही काहीतरी म्हणत असतीलच. टेनन्ट मात्र त्या आगाऊपणाकडे मोठ्या मायेने बघतो. तरुणपणी आपल्याला कुणाकडूनही उमेद मिळते, मिटत चाललेलं दार उघडून जो कुणी पुढे गेला असेल त्याच्याकडून, असं तो म्हणतो. झेल्डा त्यांच्यासाठी अशीच एक होती.

दुसरं कडवं स्टेशनवर आहे. पाठीला पिशवी, पोटात धाकधूक, उंच टाचांचे बूट. सत्तरचं दशक. कुणीतरी बजावतं की जपून राहा, नाहीतर हातात काही उरणार नाही. तो गाडीत बसतो. यापेक्षा जास्त काही सांगितलेलं नाही, आणि गरजही नाही. ज्याने ज्याने गाव सोडलंय त्याला बाकीचं ठाऊक आहे.

तिसरं कडवं नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावरचं. आता भोवती वेगळे चेहरे आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, परके देश आहेत. ज्यांना ज्यांना तेव्हा मुके दिले त्यातले काही आहेत, काही नाहीत. आणि मग शेवटच्या ओळी. मला कायम जे व्हायचं होतं ते मी होईन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण स्वप्नांचं काहीही झालं तरी तू इथेच कुठेतरी माझ्याजवळ बसलेला असशील असं मात्र मी धरून चाललो होतो.

एका ठरावीक माणसाला उद्देशून 'तू' येतो तो असा, अगदी शेवटी. तोवर आमंत्रण, स्टेशन, खोल्या यांचंच बोलणं चालू होतं. मग कळतं की हे सगळं एका माणसाला सांगणं चाललं होतं आणि तो माणूस ऐकायला नाही.

हा 'तू' म्हणजे टेनन्टचा न्यूकॅसलचा मित्र. १९८९ मध्ये तो एड्सने गेला. त्याच्यावर या जोडीची गाणी तीन आहेत आणि ती तिन्ही मिळून एक गोष्ट होते. पहिलं, 'इट कुडन्ट हॅपन हिअर', १९८७च्या 'अ‍ॅक्चुअली' या अल्बममधलं. त्याच्या स्वररचनेत एन्नियो मॉरिकोने या थोर इटालियन संगीतकाराचा वाटा आहे. मित्राला झालेल्या आजाराचं कळलं त्या काळातलं ते गाणं. हे आपल्याकडे कसं होईल, असं एकमेकांना म्हणून झालेलं असतं आणि ते झालेलंही असतं. दुसरं, 'युअर फनी अंकल', १९८९ मधल्या एका सिंगलची बी-साइड, म्हणजे तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं, दोन-सव्वादोन मिनिटांचं. त्यात अंत्यविधी आहे. मित्राचे मित्र गाड्यांतून उतरतात आणि मित्राचा लष्करी ताठ्याचा काका त्या सगळ्यांकडे बघत उभा राहतो. या एका काकामध्ये किती माणसं आली आहेत! घरच्यांना मुलाचं हे दुसरं जग बहुधा पहिल्यांदाच दिसत असतं, आणि तेही अशा दिवशी. गाण्याच्या शेवटी बायबलमधल्या अखेरच्या ग्रंथाचा आधार घेऊन दुःख, भय, वेदना संपल्याचं येतं. तिसरं 'बीइंग बोअरिंग'.

बातमी, अंत्यविधी आणि मग हे. या तिसऱ्यात आजार नाही, दवाखाना नाही, मरण हा शब्दही नाही. नाव तर नाहीच.

आजाराचं नाव नाही याला काळाचंही कारण असावं असं मला वाटतं. १९८७ मध्ये ब्रिटिश सरकारने घरोघरी एड्सची पत्रकं पोचवली होती. टीव्हीवर थडग्याच्या दगडावर कोरलेल्या अक्षरांची भयाण जाहिरात लागायची. पुढच्याच वर्षी 'सेक्शन २८' नावाचं कलम आलं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेला उत्तेजन देऊ नये असं ते सांगत होतं, आणि त्याच्या धाकाने शाळांमध्ये या विषयावर बोलणंच बंद झालं. त्या कलमाविरुद्ध लंडनमध्ये जो मोठा कार्यक्रम झाला त्यात पेट शॉप बॉईज गायले होते. टेनन्टने स्वतः समलैंगिक असल्याचं जाहीरपणे सांगितलं ते मात्र १९९४ मध्ये. म्हणजे 'बीइंग बोअरिंग' आलं तेव्हा त्याच्या गाण्यातलं खूपसं ऐकणाऱ्याने ओळखून घ्यायचं असायचं. ज्यांच्या ओळखीतली माणसं गेली होती त्यांनी 'काही आहेत, काही नाहीत' हे ऐकताच काय ते ओळखलं. इतरांना ते नुसतं काळ सरल्याचं गाणं वाटलं असेल. दोन्ही अर्थ खरे आहेत आणि एकाने दुसऱ्याला धक्का लागत नाही.

याच १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' हे समलैंगिकांसाठीचं नियतकालिक सुरू केलं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मला नेहमी थोडं गलबलतं. १९८९ मध्ये टेनन्टच्या मित्राला देता येण्यासारखं औषध एकच होतं, एझेडटी, आणि तेही पुरेसं नव्हतं. तीन औषधं एकत्र देण्याचा खरा इलाज १९९६ मध्ये आला. तो जगातल्या गरिबांच्या आवाक्यात आला त्यात मुंबईचा मोठा हात. २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी अशी तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्या तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. आपल्याकडे सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात त्या वर्षांत किती घरांत नुसतं 'ताप होता, गेला' एवढंच सांगितलं गेलं, ते त्या भागात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मी मिरजेची.

आता गाण्याच्या आवाजाबद्दल. मला या गाण्यात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतं ते हेच.

'बिहेविअर' हा अल्बम करताना दोघं म्युनिकला हॅरल्ड फाल्टरमायरकडे गेले. 'अ‍ॅक्सेल एफ' ही चित्रपटातली सिंथची धून ज्याने केली तो हा माणूस. त्याच्याकडे जायचं कारण जुने अ‍ॅनालॉग सिंथ. १९९० पर्यंत सगळीकडे डिजिटल यंत्रं आणि आवाजांचे तुकडे साठवून वाजवणारे सॅम्पलर आले होते. स्वच्छ, टोकदार आवाज, दर वेळी तंतोतंत तसाच. अ‍ॅनालॉग सिंथमध्ये सूर विजेच्या दाबावर ठरतो, आणि यंत्र तापलं की तो सूर अगदी बारीकसा सरकतो. सूर निर्माण करणारे दोन ऑसिलेटर एकाच सुरात लावले तरी ते पूर्ण एक होत नाहीत, एकमेकांभोवती हलत राहतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा उत्तम जुळलेल्या असतानाही त्यांच्यात जे जिवंत फिरणं असतं, तेच हे. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत जवारी काढताना कारागीर कान लावून ज्याची वाट बघत बसतात ते फिरणं इथे यंत्रातून येतं. हा सूर ऐकल्यावर मला तो परका वाटला नाही याचं कारण ते असावं.

अल्बममधलं गाणं पावणेसात मिनिटांच्या पुढे जातं, आणि सुरुवातीला बराच वेळ कुणी गातच नाही. सुरांचा एक थर हळूहळू वर येतो. मग ताल. मग वा-वा पेडलवर, म्हणजे पायाने दाबून सूर 'वा-वा' असा हलवणाऱ्या यंत्रावर, चाललेली गिटार, खरं म्हणजे सत्तरच्या दशकातल्या नाचाच्या गाण्यांतली, इथे मागच्या खोलीतून ऐकू येते तशी. आपण घरात शिरायच्या आधीच पार्टी सुरू झालेली आहे. मग टेनन्टचा तो बारीक, उंच, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारणारा आवाज.

यानंतर जे होतं ते, किंवा जे होत नाही ते, महत्त्वाचं. तिसरं कडवं येतं, माणसं नाहीशी होतात, 'तू' येतो, आणि ताल तस्साच चालू राहतो. शोकगीतांत एरवी अशा जागी संगीत थांबतं, वाद्यं कमी होतात, एकटा पियानो उरतो, गाणाऱ्याचा आवाज कापतो, आणि आपल्याला कळतं की आता रडायचं. इथे ड्रम मशीनला काही झाल्याचं ठाऊकच नाही. ते पहिल्या कडव्याला ज्या चालीने चाललं होतं त्याच चालीने चाललंय. टेनन्टचा आवाजही कापत नाही. आमंत्रणाबद्दल सांगताना तो होता तसाच आहे. पार्टी चालू आहे आणि एक माणूस नाही, हे फक्त ऐकणाऱ्यालाच लक्षात घ्यायचंय. तिथे मी दर वेळी हलते. गाण्याने माझ्यासाठी शोक करून टाकलेला नसतो, तो मलाच करावा लागतो.

ही निवड त्या दोघांनी समजून केली असणार याबद्दल मला शंका नाही. 'युअर फनी अंकल'मध्ये ताल नाही, नाच नाही, सगळं थांबलेलं आहे. म्हणजे थांबवणं त्यांना येत होतं. इथे त्यांनी थांबवलं नाही.

गाण्याशी माझी ओळख पुण्यात कॉलेजात असताना झाली. हॉस्टेलवरच्या एका मुलीचा भाऊ आखातात होता. त्याने आणलेल्या कॅसेटमध्ये या जोडीच्या सिंगल्सचा संग्रह, 'डिस्कोग्राफी', होता. त्यातलं हे गाणं मला लगेच आवडलं ते त्याच्या चालीमुळे, त्या हळू वर येणाऱ्या सुरांमुळे. शब्द कळत होते, पण ते मला लागू नव्हते. आमच्यातलं तोवर कुणी गेलेलं नव्हतं.

मिरजेत आमचा पाच जणींचा कंपू होता आणि त्यातली एक आमची कर्तीधर्ती. कोजागिरीला तिच्या गच्चीवर जमायचं हा नियम तिनेच घातला. सगळ्या एकाच गल्लीत, हाकेच्या अंतरावर राहायचो, तरी ती प्रत्येकीला पोस्टकार्ड टाकायची. एक माझ्याजवळ आहे. निळ्या शाईतलं, तिच्या त्या डावीकडे झुकणाऱ्या अक्षरातलं. 'रात्री नऊला गच्चीवर. दूध आमचं, कविता तुमची. स्वतःची नसेल तर पाठ केलेली चालेल, पण वाचून दाखवलेली चालणार नाही. कविता न आणणारीने पातेली घासायची. चारोळी घेऊन ये गं, आमच्याकडची संपलीय.' खाली एका मोठ्या कवीच्या नावाने चार ओळी लिहिलेल्या. त्या त्या कवीच्या नव्हत्याच, तिने स्वतः रचून त्याच्या नावावर खपवल्या होत्या, हे आम्हाला पुढे कधीतरी कळलं.

दहावीच्या वर्षी त्या गच्चीवर, बाकीच्या खाली गेल्यावर, मी तिला सांगितलं होतं की मला चित्रं काढून पोट भरायचंय. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी. घरी हे बोलायची सोय नव्हती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हत्ती येतो का तुला? हत्ती आल्याशिवाय कोण घेणार गं तुला?" मग तिथेच, पातेलं उलटं करून त्याच्या काजळीत बोट बुडवून, गच्चीच्या कठड्यावर तिने मला हत्ती काढायला लावला. तो रानडुकरासारखा झाला होता. ती म्हणाली, "चालेल, सोंड बरी आहे."

ती चाळिशीच्या आत गेली, स्तनाच्या कर्करोगाने. पुढच्या वर्षी माझी चित्रं असलेलं पहिलं पुस्तक छापून आलं. आईने शेजारीपाजारी दाखवलं, नवऱ्याने मित्रांना वाटलं, प्रकाशकांकडच्या लोकांनी पेढे मागितले. सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांना एक बाई दिसत होती जिचं पुस्तक आलं. पातेल्याच्या काजळीत बोट बुडवून बसलेली दहावीतली मुलगी त्यांच्यातल्या कुणी बघितलेलीच नव्हती. पुस्तकात सातव्या पानावर हत्ती आहे. तो कुणाला दाखवायचा होता ते मला ठाऊक होतं.

त्या दिवसांत कधीतरी हे गाणं पुन्हा लागलं आणि शेवटच्या ओळी मी पहिल्यांदा पूर्ण ऐकल्या असं म्हणावं लागेल. आपल्याला जे व्हायचं होतं ते आपण झालो आणि तू इथे नाहीस, हे दोन्ही एका दमात म्हटलेलं. त्यात एकीकडे यश आणि दुसरीकडे दुःख अशी वाटणी नाही. माणूस जातो तेव्हा त्याच्यासोबत आपल्या आयुष्याचा एक साक्षीदार जातो. आपण काही नव्हतो तेव्हा आपल्याला बघितलेला, आणि आपण काय व्हायचं म्हणत होतो ते ऐकलेला. त्यानंतर आपलं जे काही होतं ते तपासून बघणारं, 'चालेल, सोंड बरी आहे' म्हणणारं कुणी उरत नाही. मित्राच्या मरणावरची पुष्कळ गाणी गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, त्याचे गुण सांगतात, त्याच्या वेदना सांगतात. टेनन्ट ते काही सांगत नाही. तो मित्र कसा होता हे गाण्यातून कळतच नाही. कळतं ते एवढंच की त्याने हे बघायला हवं होतं. दुःखाची ती जागा म्हणाले होते, ती ही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. ब्रूस वेबर या छायाचित्रकाराने तो कृष्णधवल केला, अमेरिकेत लाँग आयलंडवर. एका मोठ्या घरात सुंदर तरुण-तरुणी दिवसभर पार्टी करतात. त्यातल्या उघड्या अंगांमुळे काही ठिकाणी तो दाखवायला खळखळ झाली. सुरुवातीला हातांनी लिहिलेला मजकूर येतो, मी इंग्लंडच्या उत्तरेतल्या न्यूकॅसलचा, आम्ही नटूनथटून पार्ट्या करायचो, एका आमंत्रणावर असं असं लिहिलेलं होतं. तो मजकूर मला व्हिडिओतल्या सगळ्या देखण्या चेहऱ्यांहून जास्त आवडतो. चेहरे फारच नीटनेटके आहेत. न्यूकॅसलची खरी पोरं अशी दिसत नसणार, त्यांचे पांढरे कपडे कुणाच्या तरी वडिलांचे, सैल असणार.

गाणं विसाव्या क्रमांकावर थांबल्यावर दोघांनाही त्याबद्दल फारशी खात्री राहिली नसावी, कारण १९९१च्या दौऱ्यात ते त्यांच्या कार्यक्रमात नव्हतंच. लॉस एंजेलिसच्या प्रयोगानंतर गन्स अँड रोझेसचा अ‍ॅक्सेल रोझ भेटायला आला आणि 'बीइंग बोअरिंग' का नाही गायलात म्हणून त्याने नाराजी सांगितली. केसांना पट्टा बांधून किंचाळत गाणारा हार्ड रॉकचा तो माणूस आणि हे गाणं! पण मला यात आश्चर्य कमी आणि आनंद जास्त वाटतो. तोही इंडियानातलं एक गाव सोडून आलेला होता. त्यानंतर दोघांनी ते गायला घेतलं आणि हळूहळू ते कार्यक्रमाच्या शेवटाकडे सरकत गेलं. २०२२ मध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात त्यांनी समारोप त्याच गाण्याने केला. टेनन्ट तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. समोरच्या गर्दीत कितीतरी जण १९९० नंतर जन्मलेले असणार, आणि ध्रुवपद ते सगळे गात होते. आपण कधी कंटाळवाणे नव्हतो, वेळ संपेल अशी काळजी केली नाही, मागे वळून बघताना मित्राचा भरवसा असेल असं धरून चाललो होतो. पंचविशीतल्या पोरांना ते वर्तमानकाळातलं वाटत असेल. तसंच वाटायला हवं, पहिलं कडवं त्यांचंच आहे.

ज्यांनी हे गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एक सांगते. सिंगलसाठी कापलेलं ऐकू नका, अल्बममधलं पूर्ण ऐका. सुरुवातीचा तो लांब भाग गाळला तर घरात शिरण्याआधीचा जिना गाळल्यासारखं होतं. आणि जमलं तर तिन्ही क्रमाने ऐका. आधी १९८७चं, ज्यात अजून विश्वास बसलेला नाही. मग काकाचं, आणि त्यानंतर लगेच पुढचं लावू नका, थोडं राहू द्या. मग हे. टेनन्टलाही दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत यायला वेळ लागला होता.